सातबाऱ्यावरचं नाव

१९८० साली नाशिक जिल्ह्यात कांद्याचं आणि उसाचं आंदोलन पेटलं. रस्ते अडले, रेल्वे अडली, खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. शेतकरी संघटनेचं म्हणणं अडाण्यालाही कळेल असं होतं : भीक नको, घामाचं दाम पाहिजे.

पण विचाराची एक खोड असते. तो वेशीपाशी थांबत नाही, घरात शिरतो. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं आणि तोच हिशेब उलटा फिरला. सरकारकडं घामाचं दाम मागणाऱ्या गड्या, तुझ्या कारभारणीच्या घामाचं काय? निंदणी तिची, वेचणी तिची, वरून चूल न् धुणं. सातबाऱ्यावर नाव मात्र तुझं एकट्याचं. मग शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. ज्या गावातले शंभर गडी बायकोच्या नावे जमीन करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला तर सगळी ग्रामपंचायतच बायांची निवडून आली. तेव्हा आजच्यासारखं आरक्षण नव्हतं.

शिकलेली माणसं यावर विचारतात, नवऱ्यानं राजीखुशीनं दिलं ते दान झालं, त्याला हक्क कसं म्हणायचं? सवाल बरोबर आहे. लोकशाहीत हक्क कुणाच्या मर्जीवर नसावा. पण नुसता कायद्याचा हक्कही बघा. २००५ च्या कायद्यानं लेकीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका वाटा दिला, आणि आजही बहिणी साडीचोळीवर हक्कसोडपत्रावर सह्या करतात. नाही केली तर माहेर तुटतं. कागदावर हक्क, पण ओसरीवर उभं राहायला जागा नाही.

लक्ष्मीमुक्तीत शब्द दानाचा नव्हताच, कर्जफेडीचा होता. हा फरक मला फार मोठा वाटतो. सोसायटीचं कर्ज भरून कुणी चेअरमनला म्हणत नाही, घे, तुला दिलं.

आता कर्ज किती आणि कुठल्या गटातून फेडायचं हे गड्यानंच ठरवलं, ही त्यातली गोम. आमच्याकडं एकानं विहिरीचा तुकडा स्वतःला ठेवून मुरमाड माळ बायकोच्या नावे काढला. ती तलाठ्यापुढं म्हणाली, "भाऊसाहेब, विहिरीत निम्मा हिस्सा लावा, तवाच सही करीन." इतर हक्कात तो हिस्सा आजही आहे, आणि पाण्याची पाळीही तीच ठरवते.