पूल कुठून कुठे?

कॅनडात एखाद्या क्री गायकाची ओळख करून द्यायची वेळ आली की एक वाक्य हमखास येतं: हा कलावंत म्हणजे परंपरा आणि आधुनिकता यांना जोडणारा पूल. वाक्य कौतुकाचं आहे आणि सोयीचंही, म्हणून ते तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पण पूल म्हटला की दोन काठ आले, मधे दरी आली आणि वरून जाणारं-येणारं कुणीतरी आलं. काठ कोणते, दरी कशाची आणि जातंय कोण, एवढंच विचारून पाहू.

क्री हा कॅनडातल्या मूळनिवासी समाजांपैकी सर्वांत मोठ्या समाजांत मोडतो. पश्चिमेला अल्बर्टाच्या पलीकडून पूर्वेला क्वेबेकमधल्या जेम्स उपसागरापर्यंत त्याच्या वस्त्या आहेत. २०२१ च्या जनगणनेत क्री गटातल्या भाषा बोलू शकणारे सुमारे ८६ हजार लोक नोंदले गेले. या समाजाचं 'पारंपरिक' संगीत कोणतं, असं शहरी श्रोत्याला विचारलं तर त्याच्या डोळ्यांपुढे मोठा ढोल येतो, त्याभोवती बसलेले पुरुष आणि पिसांचा पोशाख केलेले नर्तक येतात. चित्र खोटं नाही. अल्बर्टातल्या सॅडल लेकचा 'नॉर्दर्न क्री' हा गट १९८२ पासून तेच करतो आहे. मात्र याच परंपरेतल्या वर्तुळनृत्याच्या गाण्यांत इंग्रजी ओळी सर्रास येतात, आणि या गटाचं एक गाणं तर फेसबुकवरच्या भांडणांवर आहे. ढोल तोच, गळा लावायची पद्धत तीच. नाचणाऱ्यांना त्यात काही खटकत नाही.

आता जेम्स उपसागराकडे जाऊ. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीने कातड्यांच्या व्यापारासाठी तिथे ठाणी उभारली आणि नोकरीला माणसं आणली ती प्रामुख्याने स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवरून. त्या माणसांबरोबर फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, आलं. हळूहळू ते क्री शिकाऱ्यांच्या हातात गेलं, लग्नकार्यात आणि नाचात रुळलं, बापाकडून मुलाकडे कानाने शिकवलं जाऊ लागलं. १९८० च्या एका माहितीपटात असे दोन क्री फिडलवादक ऑर्कनीला जातात आणि तिथल्या वादकांबरोबर बसून वाजवतात. हे संगीत कोणत्या काठावरचं? भजनातली पेटी युरोपातून आली म्हणून भजनाला कुणी आधुनिक म्हणत नाही. जेम्स उपसागराकाठी फिडलचंही तसंच झालं. पण महोत्सवाच्या मंचावर एखादा क्री माणूस फिडल घेऊन उभा राहिला की त्याने संस्कृतींचा संगम साधला असं म्हणतात. त्याने संगम वगैरे काही साधलेला नसतो. आजोबा वाजवायचे ते तो वाजवत असतो.

फिडलनंतर रेडिओवरून कंट्री संगीत आलं. अमेरिकेच्या दक्षिणेतली ती रडकी, प्रेमभंगाची आणि दारूची गाणी उत्तरेकडच्या राखीव वस्त्यांमध्ये इतकी मुरली, की टॉमसन हायवे या क्री नाटककाराने १९८६ साली 'द रेझ सिस्टर्स' हे नाटक लिहिलं तेव्हा बिंगोचं मोठं बक्षीस जिंकायला टोरोंटोला निघालेल्या सात बायकांपैकी एकीच्या, ॲनी कुकच्या, तोंडी पॅट्सी क्लाइन या कंट्री गायिकेचं नाव घालण्यात त्याला काहीच नवल वाटलं नाही. ॲनीला कंट्री गायिका व्हायचं असतं. यात तिचं मूळनिवासीपण कमी होत नाही. लेखकाला तर ती तशी आहे म्हणूनच ओळखीची वाटते.

इथवर आल्यावर वाटेल की मग दरी नाहीच. माणसं आपली ऐकतात, उचलतात, आपलंसं करतात. एवढ्यावर थांबलो तर मात्र मोठी लबाडी होईल. दरी आहे, आणि ती काळाच्या ओघात पडलेली नाही.

कॅनडाच्या 'इंडियन ॲक्ट'मध्ये १८९५ साली दुरुस्ती झाली आणि मैदानी प्रदेशातल्या समाजांचे अनेक नृत्यविधी गुन्हा ठरले. ती कलमं कायद्यातून गेली १९५१ मध्ये. तेवढ्या काळात दोन-तीन पिढ्या होऊन गेल्या. त्याच काळात, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, दीड लाखांहून अधिक मूळनिवासी मुलं सरकारी पैशावर चर्चनी चालवलेल्या निवासी शाळांत धाडली गेली. अनेक शाळांत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार मिळे. मूल वर्षातले बरेचसे महिने शाळेत, आईबाप शिकारीच्या वाटेवर. ते परत येई तेव्हा त्याच्या आणि आजीच्या बोलण्यात अंतर पडलेलं असे. म्हणजे दरी पडली ती क्री आणि क्री यांच्यामध्ये, एकाच तंबूत. तिला 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' म्हटलं की कुणी काही केलं होतं ही गोष्टच वाक्यातून गळून जाते.

हायवे यांचं आयुष्य या दरीच्या काठावरच गेलं. जन्म १९५१ चा, उत्तर मॅनिटोबात, बर्फात ठोकलेल्या तंबूत. बारा भावंडांतले अकरावे. वडील जो हायवे हे कॅरिबूचे शिकारी आणि कुत्र्यांच्या स्लेजच्या शर्यतीतले विजेते. सहाव्या वर्षी मुलाला गाय हिल निवासी शाळेत पाठवलं, आणि तिथे पियानो भेटला. पुढे पाश्चात्त्य अभिजात संगीताची पदवी झाली, पियानोवादक म्हणून मैफली करण्याइतकी तयारी झाली. मग ते सारं बाजूला ठेवून त्यांनी सात वर्षं आपल्या लोकांत समाजकार्य केलं, आणि त्यानंतर लेखनाकडे वळले. १९९८ च्या त्यांच्या 'किस ऑफ द फर क्वीन' या कादंबरीतला मुलगा आधी कॅरिबूंसाठी छोटा अकॉर्डियन वाजवत गातो. मग तो शाळेत जातो. तिथे त्याचे केस कापले जातात, नाव बदललं जातं, पियानो मिळतो आणि एका पाद्र्याचा अत्याचारही वाट्याला येतो. तीच शाळा, तीच माणसं. हायवे स्वतः मात्र शाळेबद्दल केवळ कडवटपणे बोलत नाहीत. त्या शाळेमुळेच आपलं पुढचं आयुष्य घडलं असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं आणि त्यावरून पुष्कळ बोलणीही खाल्ली. मला इथे कुणा एकाची बाजू घ्यावीशी वाटत नाही. ज्याच्या बोटांना पियानो ज्या हातांनी दिला त्याच हातांनी भावंडांची भाषा काढून घेतली, त्याचा हिशेब बाहेरच्या माणसाला पुरा करता येणार नाही.

आपल्या प्रश्नापुरतं एवढं पुरे. दरी क्री आणि क्री यांच्यात पाडली गेली असेल, तर गाणंही तिथूनच जायला हवं. तसं ते जातं का?

मॉर्ली लून पाहा. क्वेबेकमधल्या मिस्टिसिनीचा हा गायक १९४८ साली जन्मला, १९८६ मध्ये वारला. हातात गिटार, चाल लोकगीतांच्या वळणाची, शब्द क्री. सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक नभोवाणीच्या उत्तर विभागाने त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ती दूरदूरच्या वस्त्यांमध्ये रेडिओवर वाजली. काळ कोणता? १९७१ मध्ये जेम्स उपसागराच्या प्रदेशात प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर झाला होता, शिकारीची रानं पाण्याखाली जाणार होती, आणि क्री वस्त्यांनी एकत्र येऊन लढा दिल्यावर १९७५ मध्ये करार झाला. तेव्हा आपल्या जमिनीवरचं, आपल्या भाषेतलं गिटारवरचं गाणं रेडिओतून ऐकणारा श्रोता हा दुसरा क्री माणूसच होता, शेकडो किलोमीटर दूर.

किंवा आर्ट नेपोलियन. ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्येतला, आजी-आजोबांकडे वाढलेला, क्रीच पहिली भाषा असलेला. वस्तीचा प्रमुख होऊन गेला, गाणी लिहितो, विनोद करतो, आणि एका ब्रिटिश आचाऱ्यासोबत त्याने दूरचित्रवाणीवर शिकारीचा आणि स्वयंपाकाचा कार्यक्रमही केला. त्याचा एक संग्रह दुसऱ्यांच्या गाजलेल्या कंट्री आणि लोकगीतांच्या क्री रूपांतराचा आहे, दुसरा मुलांना क्री शिकवणाऱ्या गाण्यांचा. हा दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, समीक्षक त्याकडे फारसे वळत नसले तरी. ज्या घरात आजी क्री बोलते, आईला ती समजते पण बोलता येत नाही, आणि नातवाला समजतही नाही, त्या घरासाठी ती गाणी आहेत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. हायवे यांच्या 'द (पोस्ट) मिस्ट्रेस' या संगीतिकेत क्री, फ्रेंच आणि इंग्रजी गाणी आहेत, चाली सांबा, टँगो, बर्लिनच्या कॅबरेच्या. २००८ मध्ये टोरोंटोत त्यांच्या शब्दांवर 'पिमूटीविन' हा क्री भाषेतला पहिला ऑपेरा झाला, संगीत मेलिसा हुई यांचं. २०२२ च्या 'क्री कंट्री' या संग्रहात त्यांची क्री कंट्री गाणी गायल्या आहेत पॅट्रिशिया कॅनो, सडबरी शहरात वाढलेल्या, मूळ पेरूच्या आईबापांच्या लेक. टोरोंटोच्या सभागृहातल्या श्रोत्यांपैकी किती जणांना क्री कळत असेल? मग हे क्री माणसाकडे जाणारं गाणं कसं?

आक्षेप अर्धा खरा आहे. तिकीट काढून आलेला श्रोता नाद ऐकून घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुलाचं वाक्य तोच लिहितो. पण गाणं सभागृहातच राहत नाही. सस्कॅचवानच्या उत्तरेत ला रॉन्ज गावातून मिसिनिपी ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन १९८५ पासून क्री आणि डेने भाषांत प्रसारण करतं आहे. अशा केंद्रावर क्री कंट्री गाणं लागलं तर ऐकणाऱ्या बाईला शब्द कळतात, विनोदावर ती हसते आणि गायिकेचे उच्चार कुठे सडबरीकडचे झाले तेही तिच्या कानातून सुटत नाही.