मोती आणि बेडूक



लहानपणी आपण सर्वांनी सावत्र बहिणींच्या गोष्टी ऐकल्या आहेत. एक गुणी, दुसरी उर्मट. एकीला वर, दुसरीला शाप. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात अशीच एक परीकथा सांगितली आहे. पेरोंच्या कथेत दोघी सख्ख्या बहिणी आहेत. पुढे जर्मनीत ग्रिम बंधूंनी याच धर्तीची जी गोष्ट लिहून ठेवली, तिच्यात त्या सावत्र आहेत. नाते कोणतेही असो, दुःख तेच आहे. आज पेरोंच्या कथेवर आपण थोडे चिंतन करू या.

एका विधवेला दोन मुली होत्या. थोरली आईसारखीच गर्विष्ठ, म्हणून लाडकी. धाकटी वडिलांसारखी शांत. तिने स्वयंपाकघरात जेवायचे, दिवसभर राबायचे आणि रोज दोनदा लांबच्या झऱ्यावरून पाणी आणायचे. एके दिवशी झऱ्यावर एका गरीब बाईने तिच्याकडे पाणी मागितले. मुलीने भांडे विसळले, नितळ जागेचे पाणी भरले आणि बाईला पिणे सोपे जावे म्हणून भांडे स्वतः धरून ठेवले. ती बाई परी होती. तिने वर दिला की, मुलीच्या प्रत्येक शब्दाबरोबर तिच्या तोंडातून फूल किंवा रत्न पडेल.

घरी येऊन ती उशिराबद्दल क्षमा मागू लागली, तोच गुलाब, मोती आणि हिरे खाली पडले. आई थक्क झाली. तिने तिला लेक म्हणून हाक मारली. अशी हाक मारण्याची ही पहिलीच वेळ होती, हे सांगायला कथाकार विसरत नाही.

येथे आपण थांबू या. इतकी वर्षे हीच मुलगी त्या घरात पाणी भरत होती. तेव्हा ती लेक नव्हती. हिरे पडले तेव्हा झाली! पुढे रानात भेटलेल्या राजपुत्रानेही, असे देणे कोणत्याही हुंड्याहून मोठे, असा हिशेब करूनच तिच्याशी लग्न केले. मग याला वर म्हणावे की परीक्षा? मुलीची परीक्षा झऱ्यावर झाली. रत्ने पडू लागली तेव्हा इतरांची सुरू झाली.

थोरलीचे काय झाले? बक्षिसाच्या आशेने आईनेच तिला बळेबळे झऱ्यावर धाडले. या वेळी परी उंची वस्त्रांत आली. थोरली तिला उर्मटपणे बोलली. तेव्हापासून तिच्या शब्दाशब्दाला साप आणि बेडूक पडू लागले. शेवटी आईनेच तिला घराबाहेर काढले. कोणीही तिला आसरा दिला नाही आणि रानाच्या एका कोपऱ्यात ती मेली. तिची जीभ घडवली कोणी? जिने हाकलले, तिनेच.

परीकथा तेथे संपते. शुभवर्तमान तेथे संपत नाही. संत लूकच्या पंधराव्या अध्यायातील पित्याला दोन पुत्र होते. धाकटा रिकाम्या हाताने परतला, तरी पिता धावत गेला. थोरला अंगणात कडवट बोलत उभा राहिला, पिता त्याच्यासाठीही बाहेर आला. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला, त्या वेळी त्याने अजून एकही चमत्कार केला नव्हता. तरीही पित्याने त्याला आपला प्रिय पुत्र म्हटले. देव आधी नाते सांगतो; हिरे मोजत बसत नाही.

आपल्या घरांत काय चालते? परदेशातून पैसे पाठवणाऱ्या मुलाशी आपण गोड बोलतो. नोकरी गेलेल्याला साधी हाकही मारीत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांचे सारे करणाऱ्या अविवाहित बहिणीला आपण गृहीत धरतो. वाटणीवरून तोडून बोललेल्या भावाला आपण कधीच रानात सोडून आलो आहोत. कडवट शब्दांनी जखम होते, हे खरे. परंतु आपल्या जिभेवरून तरी नेहमी मोतीच पडतात का? एकाच तोंडातून स्तुती आणि शाप निघावेत, हे संत याकोबांना पटत नव्हते. आपण तर त्याच जिभेवर ख्रिस्तशरीर स्वीकारतो.

मिस्सामध्ये शेजाऱ्याला शांतीचे चिन्ह देणे सोपे असते. या आठवड्यात आपण एक अवघड काम करू या. ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळणार नाही, अशा आपल्याच एका माणसाला नात्याने हाक मारू या आणि ज्याच्या बोलण्याने आपण दुखावलो, त्याचे दार एकदा ठोठावू या.

हे प्रभू, आमच्या तोंडून रत्ने पडली नाहीत तरी चालेल. पण आमच्या घरातले कोणी रानात एकटे मरू नये. आमेन.