रस्त्याचा हक्क

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात डोळ्यांचं पारणं फेडतो. गेल्या सहलीत मुलांच्या हट्टाखातर मी एका वळणावरच गाडी उभी केली. समोर धबधबा होता. फोटो चालले होते, तेवढ्यात मागून एस.टी. आली आणि ऐन चढावर अडकली. चालकानं हॉर्न वाजवला, तर राग मलाच आला!

अल्लाहची कुदरत पाहण्यासाठी जमिनीवर फिरा, असं कुरआन सांगतं. म्हणजे माझं पाहणं पुण्याचंच, नाही का? पण रस्त्यात बसणाऱ्या सोबत्यांना प्रेषितांनी (स.) रस्त्याचा हक्कही अदा करायला सांगितला होता: नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामाला उत्तर द्या. ही हदीस मी वर्गात किती वेळा शिकवली असेल! याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी सहलीची बस दरीत कोसळून अनेक जण गेले. तिथं वळण अडवणं म्हणजे नुसता खोळंबा नव्हे. शिवाय एस.टी.तलं कुणी दवाखान्याला निघालेलं असेल, तर त्याचा उशीर कुणाच्या हिशेबात?

परतताना तोच धबधबा आला. “अब्बा, थांबा ना!” मी थेट पुढच्या रुंद जागेवर थांबलो. तिथून धबधबा दिसत नव्हता. मुलं महाडपर्यंत बोलली नाहीत.