दोरीच्या टोकाला माणूस

आज क्रोएशियात असलेल्या रियेका बंदराचे जुने नाव फिउमे. ऑस्ट्रियन आरमारातून निवृत्त झालेला जिओव्हानी लुप्पिस हा अधिकारी तिथे एक छोटी होडी घेऊन खटपट करत होता. घड्याळासारखी चावी दिली की होडी चालायची. तिच्यात स्फोटके भरायची, सुकाणूला लांब दोऱ्या बांधायच्या आणि किनाऱ्यावर उभे राहून ती शत्रूच्या जहाजावर नेऊन आदळायची, अशी त्याची योजना होती. आरमाराने ती नाकारली. १८६४ मध्ये त्याची गाठ रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरशी पडली. व्हाइटहेडने ही कल्पना पाण्याखाली नेली, चावीच्या जागी दाबलेली हवा आणली आणि दोरी काढूनच टाकली. १८६६ मध्ये टॉर्पेडो तयार झाला.

बलाढ्य जहाज बुडवायला स्वस्त, बिनमाणसाचे शस्त्र मिळाले खरे, पण त्याचा पल्ला जेमतेम काही शे मीटरचा. म्हणजे कोणीतरी ते जवळ नेऊन सोडायला हवे. अशा रीतीने वगळलेला माणूस मागच्या दाराने परत आला. फ्रान्सचे ॲडमिरल तेओफिल ओब १८८६ मध्ये नौदलमंत्री झाले तेव्हा त्यांनी अवाढव्य युद्धनौकांऐवजी छोट्या टॉर्पेडो बोटींवर भर दिला. हिशेब बिनतोड होता, पण समुद्र खवळला की या बोटींचे आणि त्यांतल्या खलाशांचे हाल होत. शिवाय ब्रिटिश काही हातावर हात धरून बसले नव्हते. टॉर्पेडो बोटींचा पाठलाग करायला त्यांनी विनाशिका काढल्या. १८९३ ची ‘हॅवॉक’ अडीचशे टनांच्या आसपास होती. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि २०२१ मध्ये नौदलात आलेली विनाशिका ‘विशाखापट्टणम’ आहे ७,४०० टनांची! पाणबुडीचेही तेच झाले. दुबळ्याचे हत्यार म्हणून तिची थट्टा व्हायची; आज ती प्रत्येक देशाला परवडत नाही.

दोरी मात्र अधूनमधून डोके वर काढत राहिली. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींवर चालणारी होडी दाखवली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी मैलोगणती तार मागे सोडत जाणाऱ्या स्फोटक बोटी वापरल्या. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्यांतली एक बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांच्या ‘एरेबस’वर जाऊन धडकली. जहाज जायबंदी झाले, बुडाले नाही.

मग थेट सप्टेंबर २०२२. क्रिमियात सेवास्तोपोलजवळ एक काळी, कयाकसारखी होडी किनाऱ्याला लागलेली सापडली. पुढच्या टोकाला धडकताच पेटणारे फ्यूज, मध्ये कॅमेरा, मागे उपग्रहाशी बोलणारा चपटा अँटेना. ढकलणारे यंत्र पाहून जाणकारांना सुट्टीत समुद्रावर मौजेने फिरवतात त्या जेट-स्कीची आठवण झाली. ती रशियाशी लढणाऱ्या युक्रेनची होती. त्याच्याकडे तेव्हा आरमार म्हणावे असे काही उरलेच नव्हते. आपली मुख्य युद्धनौका शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याने स्वतःच बुडवली होती. अशा देशाने १ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाची ‘इवानोवेत्स’ ही क्षेपणास्त्रनौका बुडवली. त्या हल्ल्याच्या चित्रफितीत अशाच होड्या एकामागून एक येताना दिसतात. आधीच्या धडकेने पडलेल्या भगदाडाकडेच पुढची नेमकी वळते. तिथे कुठे घुसायचे ते ठरवणारा माणूस दूर पडद्यासमोर बसलेला होता. लुप्पिसची दोरी आता आकाशातून गेली होती, एवढेच. अशा एका होडीची किंमत सुमारे अडीच लाख डॉलर सांगितली जाते.

या यशावरून पाणबुड्यांचा जमाना संपला असा निष्कर्ष काढणाऱ्यांची घाई मला पटत नाही. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात फार खोल शिरत नाहीत. ध्वनी जातो, पण संथ, थोडकी माहिती घेऊन आणि शत्रूलाही ऐकू जाईल असा. पृष्ठभागावरची होडी जिच्या जोरावर जिंकली ती दोरीच पाण्याखाली तुटते. समोरचे जहाज युद्धनौका की मालवाहू, आत्ता हल्ला करायचा की दबा धरून राहायचे, हे यंत्राने एकट्याने ठरवायचे. पाणबुडीच्या कॅप्टनला पगार मिळतो तो मुख्यतः याच निर्णयासाठी.

ऑस्ट्रेलियाने दोन्हींवर पैसे लावले आहेत. अमेरिका आणि ब्रिटनबरोबरच्या ऑकस करारातल्या अणुपाणबुड्यांसाठी २०५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत २६८ ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चाचा अंदाज आहे. ‘घोस्ट शार्क’ या मोठ्या बिनमाणसाच्या पाणबुडीच्या ताफ्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये १.७ अब्जांचा करार झाला. आकड्यांतली ही तफावत पाहून मोह होणे साहजिक आहे. पण युक्रेनला काळ्या समुद्रात शत्रूला आपल्या किनाऱ्यापासून हुसकावायचे होते. ऑस्ट्रेलियाला हजारो किलोमीटर दूर जाऊन आठवडेच्या आठवडे गुपचूप राहायचे आहे. टेहळणी, सुरुंग पेरणे, अरुंद सामुद्रधुनीवर पहारा ही कामे यंत्राला खुशाल द्यावीत. त्यात कोणाची आई वाट पाहत नसते. अणुपाणबुडी मग हल्ल्याच्या निर्णयासाठी राखून ठेवता येईल.

वेळेचा मुद्दा मात्र स्वस्त बाजूने जातो. माझगाव गोदीतल्या सहा कलवरी पाणबुड्यांचा करार २००५ चा. सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. युक्रेनची होडी तर काही महिन्यांत बदलते. रशियाने हेलिकॉप्टरमधून तिच्यावर गोळीबार सुरू केला, तर तिच्यावर विमानविरोधी क्षेपणास्त्रे बसली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने हेलिकॉप्टर पाडल्याचे युक्रेनने जाहीर केले. आता तिला रडार हवे, मोठा सांगाडा हवा, जास्त इंधन हवे. अडीच लाखांत ती फार दिवस मिळेल असे मला वाटत नाही.