‘का’ कोणाला सांगते?

मुलगा नि मुलगी दोघांनाही मी सारखंच वागवते, हे उत्तर माझ्या जिभेवर तयारच असतं. वह्या सारख्या, क्लासची फी सारखी. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, पु.लं.च्या नावाशी नातं सांगणाऱ्या ‘पुलस्त्य’मध्ये, दोघं बरोबरच जातात. तरी मन मानत नाही, त्याला कारण २००१ सालचा एक अभ्यास. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या बालसंग्रहालयात केव्हिन क्राउली, मॉरीन कॅलनन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांशी खेळणाऱ्या कुटुंबांचं बोलणं टिपलं. खेळ कसा चालवायचा, समोर काय दिसतंय, हे आईबाप मुलाला नि मुलीला सारखंच सांगत होते. असं का होतं, हे मात्र मुलग्यांना सांगण्याची शक्यता तिप्पट होती. तेही शाळेच्या आधीपासून!

शास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट मी घरात रंगवून सांगते. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली केवळ बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी तिला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, आणि ती हटली नाही. रामनांवर चिडायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, म्हणजे ‘का’ सांगू शकणारी माणसं घरातच होती, यावरून मात्र मी भराभर पुढे जाते.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची तरंगती पेन्सिल घ्या. चपलेच्या रबरात खोचलेली गोल लोहचुंबकं, तशीच पेन्सिलीवर. सजातीय ध्रुव एकमेकांना ढकलतात नि पेन्सिल अधांतरी राहते. टोक तेवढं आडोशाला टेकवावं लागतं, नाहीतर ती सरकते. लेक सगळं नीट बसवते, मी म्हणते, “वा, किती सुबक!” लेकाची पेन्सिल अर्धवट लोंबकळत असली तरी त्याला ध्रुव समजावत बसते. तो ऐकतोय का, हेही बघत नाही. त्यात माझी शिकवायची हौस किती, कोण जाणे. लेकीबद्दल म्हणते, “तिचं तिला कळतं.” या कौतुकात माझे कष्ट वाचतात.

आणि प्रश्न अवघड झाला की “बाबांना विचार.” घरात फिजिक्सची पदवी माझी, बाबा कॉमर्सचे. दोन्ही मुलं हे ऐकतात.

हल्ली ठरवून लेकीला समजावायला जाते, तर आवाज शाळेतल्या बाईंसारखा निघतो. “आई, थांब गं, मला आधी आडोसा काढून बघू दे.” मी थांबते. हे थांबणं तिच्यासाठी, की पुन्हा माझ्याच सोयीचं, याचं उत्तर अजून देता येत नाही.