खर्जातला माणूस

बास गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या नशिबी तीन प्रश्न लिहिलेले असतात. पहिला, "याच्या दोन तारा तुटल्या का हो?" दुसरा, "सगळं वाजत असतं तेव्हा यातलं तुमचं नक्की कुठलं?" तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. तो त्याचा त्यालाच पडतो. कार्यक्रम आटोपून रात्री दोन वाजता टेम्पोत, स्पीकरच्या खोक्यावर बसून घरी परतताना तो स्वतःशी म्हणतो, "मी आज आलोच नसतो, तर कोणाच्या लक्षात आलं असतं?" पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं आहेत. तिसरा मात्र माणसाला थेट तत्त्वज्ञानात नेऊन सोडतो आणि तिथून परतीचा टेम्पो नसतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तारा तुटलेल्या नसतात. साध्या गिटारला सहा तारा, बासला मुळातच चार. साध्या गिटारच्या जाड्या चार तारांचे जे स्वर, तेच इथे, पण एक सप्तक खाली. त्यातली सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. हा आवाज इतका खालचा, की तो कानापेक्षा छातीला आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीला आधी कळतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तर तो पेलतच नाही. त्यामुळे आमच्या कार्यक्रमांचे जे व्हिडिओ नातेवाईक उत्साहानं घरोघर पाठवतात, त्यांत मी दिसतो, बोटंही हलताना दिसतात, पण ऐकू काही येत नाही. एका लांबच्या आत्याबाईंनी एकदा फोन करून विचारलं होतं, "अरे, तुला नुसताच उभा करतात की काय?"

या वाद्याचा जन्मसुद्धा ऐकू येत नाही म्हणूनच झाला. पूर्वी हे काम माणसापेक्षा उंच अशा उभ्या बासकडे असे. ढोल आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत तो बिचारा बुडून जाई, शिवाय त्याला प्रवासाला न्यायचं म्हणजे घरातलं कपाट बाहेर काढल्यासारखं. मग कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरनं १९५१ साली गिटारसारखा गळ्यात अडकवता येणारा विजेवरचा बास बाजारात आणला. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. तेव्हा ऐकू यावं म्हणून मुद्दाम काढलेलं हे वाद्य सत्तर वर्षं उलटली तरी लोकांना ऐकू येत नाही, याचा दोष निदान माझ्या एकट्याचा नाही.

बास कोणी हौसेनं निवडत नाही, तो पदरात पडतो. चार पोरं जमतात, चौघांनाही गिटारच वाजवायची असते. पैकी ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो बासवाला होतो. बीटल्ससारख्यांचंही वेगळं झालं नाही. त्यांचा बासवाला स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ मध्ये चित्रकलेसाठी हॅम्बुर्गलाच राहिला, आणि ते जू पॉल मॅकार्टनीच्या मानेवर आलं. मॅकार्टनी त्याबरोबर गायचाही, म्हणून जगाला माहीत झाला. आम्ही गात नाही.

आमचा ऑर्केस्ट्रा डोंबिवलीचा आणि हौशी. हौशी म्हणजे बिदागी मिळते, पण ती टेम्पोवाल्याला आणि वडापाववाल्याला पोचते. ड्रमर औषधांचं दुकान चालवतो. ऑक्टोपॅडवाला शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मात्रा चुकल्या की तो रागावत नाही, गुण कापल्यासारखा बघतो. कीबोर्डवर इंजिनिअरिंगचा एक मुलगा आहे. तो मला काका म्हणतो आणि माझ्या अॅम्प्लिफायरला आजोबा. मुख्य गायक सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो. गणपती, कोजागिरी, सोसायटीचं संमेलन, कोणाची हळद, एवढं आमचं कार्यक्षेत्र. मी बँकेत होतो. आयुष्यभर दुसऱ्याचा हिशेब सांभाळला आणि संध्याकाळी दुसऱ्याचा सूर.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे न दिसणाऱ्या माणसाचं कौतुक फार. 'कळस होण्यापेक्षा पायाचा दगड व्हा' असं प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकायला मिळतं. सांगणारे स्वतः हार घालून मधल्या खुर्चीत बसलेले असतात, हा भाग वेगळा. गीतेनंही फळाची आशा सोडून काम करायला सांगितलं आहे. या हिशेबानं बास वाजवणारा म्हणजे चालताबोलता कर्मयोगीच म्हणायचा. फळाची आशा सोडायला त्याला वेगळी साधना लागत नाही; ते काम प्रेक्षक परस्पर करून टाकतात.

पण इथेच मला शंका येते. सक्तीची नम्रता हा सद्गुण धरायचा का? अशक्त माणूस साधू होतो म्हणतात, तसा न ऐकू येणारा माणूस विनम्र होतो, यात त्याचं कर्तृत्व ते काय? गवयामागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्याकडे बघा. त्याच्याही तारा चारच, शेवटची खर्जाची. तोही तीन तास एकच काम करतो, पण तो गुरूपुढे आपणहून बसलेला असतो. उलट अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाऊन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचा बासवादक होता. १९६०च्या दशकात तिथल्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांचा पाया त्यानं एका तर्जनीवर उभा केला. रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं छापायची पद्धतच तिथे नव्हती. मार्विन गे यांच्या १९७१ च्या रेकॉर्डवर ती छापली गेली, तेव्हा कुठे लोकांना हा माणूस नावानं कळला. तो १९८३ साली वारला, आणि रॉक संगीताच्या मानाच्या दालनात त्याला जागा मिळाली २००० साली. आपल्या मुंबईतही तेच. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला बास टोनी वाझ वाजवत. ती गाणी आपल्याला तोंडपाठ आहेत, पण हे नाव किती घरांत माहीत असेल? सिनेमाच्या नामावलीत संगीतकार, गीतकार, गायक, झालंच तर सहायक. वादकांची पाटी सहसा नसेच. यांना निष्काम म्हणून नमस्कार करणं सोयीचं आहे खरं, पण तो नमस्कार पुष्कळदा न दिलेल्या बिलाची पावती असतो.

मी हा विचार एकदा घरी बोलून दाखवला. ही म्हणाली, "अहो, आपल्याकडे पाणी किती वाजता येतं?" मी म्हटलं, "येतं की सकाळी." ती म्हणाली, "पहाटे साडेचारला येतं आणि सव्वापाचला जातं. पिंप आपोआप भरत नाही." त्यानंतर त्या दिवशी घरात तत्त्वज्ञान झालं नाही.

बरं, हा न दिसणारा माणूस बिनमहत्त्वाचा असतो असंही नाही. वर कीबोर्डवाला सा, ग, प असे तीन प्रसन्न स्वर धरून बसलेला असतो. खाली मी षड्ज दिला की गाणं लग्नघरात असतं. वरचे तीन स्वर तसेच ठेवून खाली धैवत दिला, की तेच गाणं पाठवणीला येऊन उभं राहतं. श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि ते श्रेय गायकाला देतात. म्हणजे सत्ता आहे, पण ती कोणाला दिसत नाही. अशा माणसाला वचक कसला? त्याचा त्यानंच ठेवायचा. मला वाटतं, नीतीची खरी परीक्षा इथे सुरू होते. सगळे बघत असताना बरोबर वागायला वचक पुरतो. कोणी बघत नसताना बरोबर वाजवायला मात्र गाणं आवडावं लागतं.

आणि मग तो गणेशोत्सवातला कार्यक्रम आला. साहेब एक जुनं हिंदी गाणं गात होते. मुखडा झाला, टाळ्या झाल्या, मधला आठ बारचा म्युझिक पीस सुरू झाला. सहाव्या बारला साहेबांनी डोळे मिटून अंतराच सुरू केला. दोन बार आधी! ड्रमरनं माझ्याकडे पाहिलं. मी उरलेला पीस सोडला आणि अंतऱ्याचा खालचा स्वर धरला. ड्रमर त्यावर आला, कीबोर्डवरच्या पोरानं ते ऐकून हात उचलला आणि नव्या जागी ठेवला. या सगळ्याला दीड-दोन सेकंद लागले असतील. मांडवात कोणाला काही कळलं नाही. वन्स मोअर मिळाला, मंडळानं साहेबांना शाल दिली. परतताना टेम्पोत साहेब शाल नीट घडी करत मला म्हणाले, "तुमचा तो मधला पीस आज जरा गडबडला का हो?"

टेम्पोत शांतता पसरली. ड्रमर खोकला.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात आमची बैठक बसली. ड्रमरचं म्हणणं, खरं ते तोंडावर सांगावं. सत्याला वय नसतं. कीबोर्डवाला म्हणाला, "काका, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. ग्रुपवर टाकू?" नव्या पिढीची न्यायदानाची पद्धत झटपट असते. गणिताचे मास्तर म्हणाले, "गप्प बसावं. सत्तरीचा माणूस आहे, भेदरला तर पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही."

मला दोन्हीकडचं पटत होतं, आणि म्हणून दोन्हीकडचं खटकत होतं. सांगितलं, तर केलेल्या मदतीचं बिल लावल्यासारखं होतं. ज्याला सांभाळून घेतलं, त्याला 'बघा, सांभाळून घेतलं हं' म्हणणं म्हणजे बुडत्याला काठावर आणून त्याच्याकडून नावेचं भाडं घेणं. पण गप्प बसण्यातही एक लबाडी असते. वरून क्षमाशील चेहरा ठेवायचा आणि आतल्या आत ती शाल आपणच पांघरायची. मनातल्या मनात घेतलेली शालही शालच. शिवाय गप्प बसल्यानं साहेबांचं काय भलं होणार? मागे त्यांनी एका समारंभात कराओकेच्या ट्रॅकवर हेच गाणं म्हटलं होतं. तिथेही ते दोन बार आधी शिरले. पण ट्रॅक कोणासाठी थांबत नाही आणि कोणासाठी धावतही नाही. साहेब एका अंगणात आणि गाणं दुसऱ्या अंगणात, असं चार ओळी चाललं, मग साहेब नुसतेच माइक धरून उभे राहिले. त्या ट्रॅकवरच्या बासमध्ये एक स्वर चुकलेला नव्हता. माझ्यापेक्षा तो नक्कीच सरस होता. फक्त समोर एक माणूस गातो आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

माझ्यापुरतं कोडं तिथे सुटलं. खर्जातल्या माणसाचं काम आवाज करणं हे नव्हेच, ते ऐकणं आहे. आवाज यंत्रालाही करता येतो, उद्या आणखी चांगला येईल. समोरचा चुकणार आहे हे त्याच्या श्वासावरून ओळखून त्याच्याखाली जमीन सरकवून ठेवणं, याला आपल्या भाषेत 'सांभाळून घेणं' असा सुंदर शब्द आहे. आणि सांभाळून घेण्याचा नियम मला असा दिसतो: उपकार सांगायचा नाही, पण इलाज सांगितल्याशिवाय राहायचं नाही. झालेल्या चुकीबद्दल बोलण्यात आपला मोठेपणा येतो. पुढच्या वेळेबद्दल बोलण्यात फक्त गाणं येतं. मग ते सत्यही असतं आणि कोणाला बोचतही नाही.

श्रेयाचंही तेच. मांडवभर लोकांनी मला ओळखावं हा हट्ट मी धरत नाही. ते गाणं ऐकायला आलेले असतात. पण ड्रमरनं त्या दीड सेकंदात जे पाहिलं, त्याला मी मान समजतो. सोबत्यांना कळलं, पुरे झालं. मात्र तेवढं तरी कळायलाच हवं. कोणालाच कळू नये असं काम माणसाकडून मागणं हे तत्त्वज्ञान नव्हे, ती कंजुषी आहे. हे सुचल्यापासून मी पहाटे साडेचारला उठतो. पिंप मोठं आहे.

पुढच्या रिहर्सलला मी साहेबांना म्हटलं, "साहेब, अंतऱ्याच्या आधी मी तुमच्याकडे बघून मान हलवत जाईन. मलाच जरा बरं पडतं." साहेब मोठ्या मनानं "चालेल" म्हणाले. तेव्हापासून त्यांचा एकही अंतरा चुकलेला नाही. मी मान हलवतो, ते गातात, लोक टाळ्या वाजवतात.

परवा कोजागिरीला ते नव्या निवेदिकेशी माझी ओळख करून देत होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणाले, "वादक चांगला आहे हो. पण माझ्याकडे बघितल्याशिवाय त्याला अंतराच सापडत नाही."

मी मान हलवली.