'पी-एच'चा देश, 'एफ'ची माणसं

चि. ओंकार,


क्रू लिस्ट टाइप करताना 'फिलिपिन्स' हे देशाचं नाव 'पी-एच'ने आणि 'फिलिपिनो' हे माणसांचं 'एफ'ने का लिहायचं, हा तुझा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करायचं, त्यांचं नाव नीट लिहिता यावं असं वाटणं हीच अधिकारी होण्याची सुरुवात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव मुळात एका युवराजाचं. १५४३च्या सुमारास व्हियालोबोस हा स्पॅनिश दर्यावर्दी तिकडे पोचला आणि तिथल्या सामार-लेते भागाला त्याने स्पेनच्या युवराज फेलिपेचं नाव दिलं. पुढे ते सगळ्या द्वीपसमूहाला लागलं. हाच फेलिपे राजा झाल्यावर, १५८० नंतर, पोर्तुगालचं राज्यही त्याच्याकडे आलं. म्हणजे साठ वर्षं आपला गोवा आणि मनिला एकाच राजघराण्याच्या अमलाखाली होते.

फिलिप हे नाव ग्रीक. ते लॅटिनमधून युरोपभर गेलं तेव्हा फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजीने 'पी-एच' ठेवला. स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन आणि डच यांनी आपापल्या सवयीने 'एफ' केला. इंग्रजीने देशाचं नाव आपल्या वळणाचं ठेवलं, पण १८९८मध्ये अमेरिकेने ती बेटं घेतली त्या सुमारास माणसांसाठीचा शब्द थेट स्पॅनिशमधून उचलला. तुझ्या क्रू लिस्टमधली दोन अक्षरं तिथून आली. जेनोआला एजंटच्या कागदावर तुला 'फिलिप्पिनो' दोन 'पी' घालून दिसेल. ल हाव्रला तोच माणूस 'पी-एच'ने 'फिलिपँ' होईल, हँबुर्गला कुणी 'फिलिपिनर' लिहील, कुणी 'फिलिपिनो'. पोलंडच्या बंदरात तर 'फिलिपिन्चिक'. यांतलं एकही चूक नाही.

स्पेलिंगपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तीनशे वर्षं हे नाव तुझ्या जहाजावरच्या फिलिपिनो बोसनच्या पूर्वजांचं नव्हतंच. स्पेनमध्ये जन्मलेले ते 'पेनिन्सुलार', आणि त्या बेटांवर जन्मलेले स्पॅनिश ते 'फिलिपिनो'. मूळच्या रहिवाशांना राज्यकर्ते म्हणत 'इंदिओ', आणि त्या हाकेत तुच्छता भरलेली असे. १८७२मध्ये स्पॅनिश सरकारने गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांना बंडाच्या आरोपावरून मनिलात जाहीरपणे मारलं, तेव्हा पुढे या देशाचा राष्ट्रनायक ठरलेला होसे रिसाल दहा वर्षांचा होता. पुढे १८७९मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने एका स्पर्धेसाठी कविता लिहिली आणि तिच्या शीर्षकातच आपल्या पिढीला 'फिलिपिनो तरुण' म्हटलं. ज्यांना 'इंदिओ' म्हणून हिणवलं जाई, त्यांच्यातल्याच एका मुलाने हे लिहिलं होतं. माद्रिद, बार्सिलोना, पॅरिसमध्ये शिकणाऱ्या त्याच्या सोबत्यांनी हे नाव सगळ्या देशबांधवांसाठी वापरलं. १८९६च्या ३० डिसेंबरला स्पॅनिशांनी रिसालला गोळ्या घालून मारलं. तोवर नाव हातातून निसटलं होतं, ते परत घेणं सरकारला शक्य नव्हतं. मनिलात उतरशील तेव्हा लुनेता मैदानावर त्याच्या स्मारकापाशी अवश्य जा.

आता बोसन स्वतःला 'पिलिपिनो' म्हणतो, त्याबद्दल. तो उच्चार अशुद्ध आहे असं चुकूनही मनात आणू नकोस. तिथल्या टागालोग भाषेत मुळात 'फ' नाही. जुन्या वीस अक्षरांच्या 'आबाकादा' वर्णमालेत तो नव्हताच. १९३७मध्ये टागालोगच्या पायावर राष्ट्रभाषा ठरली, १९५९मध्ये तिला 'पिलिपिनो' हे नाव मिळालं. सेबूकडच्या आणि इतर भाषकांना ती टागालोगच वाटे, आणि त्यांची तक्रार रास्त होती. १९८७च्या राज्यघटनेत भाषेचं नाव 'एफ'ने 'फिलिपिनो' आहे. या 'एफ'चा अर्थ असा, की भाषा एकट्या टागालोग लोकांची नाही. देशातल्या काही भाषांत 'फ' आहे, त्यांनाही तिच्यात जागा हवी. गंमत बघ, त्या भाषेत आजही देश 'पिलिपिनास', माणूस 'पिलिपिनो' आणि भाषा 'फिलिपिनो'. आणि माणसाला 'पी-एच'ने लिहिणारे फ्रेंच लोक भाषेचं नाव मात्र 'एफ'ने लिहितात, कारण ते नाव तिकडून ठरून आलं.

एक गोष्ट मला कायम बोचत आली. इटलीत घरकाम करणाऱ्या बाईला, ती कुठल्याही देशाची असो, 'फिलिप्पिना' म्हणायची बोलीभाषेतली सवय आहे. ग्रीसमध्येही तसा शब्द ऐकू येतो. एका अख्ख्या देशाचं नाव झाडूपोछ्यासाठी वापरलं जातं, आणि त्याच देशाची माणसं जगभरची जहाजं चालवतात. तू तसा शब्द वापरू नकोस. तुझ्यासमोर कुणी वापरला, तर गप्पही बसू नकोस.

मेसमध्ये बसशील तेव्हा त्यांना 'तुम्ही टागालोग बोलता ना' असं विचारू नकोस. 'घरी कुठली भाषा बोलता?' असं विचार. खलाशांमध्ये इलोइलोकडचे बरेच असतात, त्यांची हिलिगाय्नोन. सेबूचा असेल तर सेबुआनो. देशात शंभराहून अधिक भाषा आहेत. आपापसात ते एकमेकांना 'पिनॉय' किंवा 'काबायान', म्हणजे गाववाले, म्हणतात. टागालोगमध्ये चेहऱ्याला 'मुखा' आणि शिक्षकाला 'गुरो' म्हणतात, हे ऐकलंस की तुझं तुलाच कळेल, हे शब्द कुठून गेले ते. बोसनच्या घरच्या भाषेत आईला, समुद्राला आणि भाताला काय म्हणतात ते लिहून घे आणि पुढच्या मेलमध्ये मला कळव.

तुझा,
मामा